तीन चौरस मीटर आणि एक उशी

मराठवाड्याच्या आठही खासदारांस खुले पत्र

परभणी, १० डिसेंबर २०२५

माननीय खासदार महोदय,

स.न.वि.वि.

गेल्या सप्टेंबरात केंद्रीय गृहमंत्रालयाने बेल्जियमला एक लेखी हमी दिली. पंजाब नॅशनल बँक घोटाळ्यातले आरोपी मेहुल चोक्सी यांना आमच्याकडे पाठवलेत तर त्यांना मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात, बराक नंबर १२ मध्ये ठेवू, असे त्यात म्हटले होते. सामानसुमान सोडून माणशी किमान तीन चौरस मीटर मोकळी जागा. जाड सुती गादी, उशी, चादर, पांघरूण. तब्येतीचे कारण असेल तर पलंग. उजेड, वारा, प्यायला स्वच्छ पाणी, चोवीस तास डॉक्टरची सोय, रोज तासाभराहून जास्त वेळ उघड्यावर. ऑक्टोबरात अँटवर्पच्या न्यायालयाने प्रत्यार्पणाला मंजुरी दिली.

ही यादी मी कोर्टातल्या आमच्या वकिलांच्या बार रूममध्ये वाचून दाखवली. एक ज्येष्ठ वकील म्हणाले, "अरे, एवढं तर औरंगाबादला तारखेला गेल्यावर लॉजवरसुद्धा मिळत नाही." सगळे हसले, मीही हसलो. मग चहा आला आणि विषय सोयाबीनच्या भावाकडे गेला.

हमी दिली याबद्दल माझी तक्रार नाही. कैदी हिरे व्यापारी असो नाहीतर बैल चोरणारा, त्याला पाठ टेकायला जागा मिळालीच पाहिजे. मला विचारायचे आहे ते एवढेच की, ही हमी बेल्जियमला द्यावी का लागली? आणि जी बेल्जियमला देता येते ती परभणीला का देता येत नाही?

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. ज्या देशात छळ होण्याचा खरा धोका आहे तिथे माणूस पाठवता येत नाही, हा युरोपातल्या न्यायालयांचा पक्का नियम आहे. त्यामुळे आपण कोणाला मागायला गेलो की ते आधी आपले तुरुंग आणि पोलीस ठाणी तपासतात. आणि तपासताना त्यांना दिसते की संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर भारताने १४ ऑक्टोबर १९९७ रोजी सही केली, पण त्याला मान्यता आजपर्यंत दिलेली नाही. साखरपुडा होऊन २८ वर्षे झाली, लग्नाची तिथी काही निघत नाही. दरम्यान १७० हून जास्त देशांनी हा करार स्वीकारला. चीनने १९८८ मध्ये, नेपाळने १९९१ मध्ये, श्रीलंकेने १९९४ मध्ये, बांगलादेशने १९९८ मध्ये आणि पाकिस्ताननेसुद्धा २०१० मध्ये.

याची किंमत आपण मोजतो आहोत. पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात डिसेंबर १९९५ मध्ये विमानातून शस्त्रे टाकली गेली. त्या प्रकरणातला किम डेव्ही डेन्मार्कमध्ये आरामात राहतो. २०११ मध्ये तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने आणि पुन्हा ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या जिल्हा न्यायालयाने त्याला भारताच्या हवाली करायला नकार दिला. कारण एकच, भारतात छळाचा धोका. याच वर्षी फेब्रुवारीत लंडनच्या उच्च न्यायालयाने करचुकवेगिरीचा आरोप असलेले शस्त्र-दलाल संजय भंडारी यांचे प्रत्यार्पण नाकारले. तिहारमध्ये खंडणी आणि मारहाणीची भीती खरी आहे, असे न्यायालयाला वाटले. दहशतवाद्यांना आणि घोटाळेबाजांना फरफटत आणू, अशी भाषणे आपण सगळेच करता. फरफटत आणणार म्हणता म्हणूनच ते येत नाहीत, हे कोणीतरी सभागृहात एकदा सांगायला हवे.

पण खरे सांगायचे तर डेव्ही आला काय आणि न आला काय, माझ्या अशिलांना त्याचे सोयरसुतक नाही. मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात २६ वर्षे फौजदारी कामे चालवतो. त्यातली एक रिमांड सांगतो. तालुका सांगत नाही, ठाणे सांगत नाही, सालही सांगत नाही.

खळ्यावरून सोयाबीनची पोती गेली. संशय नेहमीच्या वाटेने गेला, गावाबाहेर पारध्यांच्या पालांवर. बाविशीतला एक पोरगा उचलला. दोन दिवसांचा पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, संपवून त्याला कोर्टात आणले. मी त्याला म्हणालो, बस. तो बसला नाही. बाकाच्या कडेला हात लावून उभा राहिला, दोन्ही पाय जरा फाकवून, नुकते चालायला लागलेले लेकरू उभे राहते तसा. त्याची आजी मागून हळूच म्हणाली, "वकीलसाहेब, त्याला टेकता येईना." पुकारा झाला. न्यायाधीश साहेबांनी विचारायचा तो प्रश्न विचारला, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? पोराने साहेबांकडे पाहिले नाही, माझ्याकडेही नाही. दारात उभ्या असलेल्या हवालदाराकडे पाहिले आणि म्हणाला, "नाही साहेब."

तीच ओळ कागदावर आली. "आरोपीची पोलिसांविरुद्ध तक्रार नाही." माझ्या कपाटात ही ओळ असलेले शेकडो कागद असतील. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये डी. के. बसू प्रकरणात दिलेल्या निर्देशांप्रमाणे कोठडीतल्या माणसाची दर ४८ तासांनी डॉक्टरकडून तपासणी व्हावी लागते. त्याप्रमाणे कागद होता आणि त्यावर "ताजी जखम नाही" असेही होते. डॉक्टरांनी पोराला उभ्यानेच पाहिले होते, शर्ट न काढता. मी फेरतपासणीचा अर्ज दिला. साहेब भले होते, त्यांनी आदेश केला. पण संध्याकाळी आजी माझ्या दारात येऊन हात जोडून उभी राहिली. तक्रार करू नका, आम्हाला इथेच राहायचे आहे. अर्ज मी रेटला नाही. चुकलो असेन. पोती काही सापडली नाहीत. खटला अजून चालू आहे, पोरगा तारखेला येतो, आणि आजही बाकावर एका मांडीवर भार देऊन बसतो.

मे २०१७ मध्ये जिनिव्हात मानवाधिकार परिषदेसमोर भारताचा आढावा झाला. तेव्हाचे ॲटर्नी जनरल तिथे म्हणाले की छळ ही कल्पनाच आपल्या संस्कृतीला परकी आहे. मी वाचले आणि मला गिरणीचा पट्टा आठवला. पिठाच्या गिरणीच्या चामडी पट्ट्याचा तुकडा, एका बाजूला मूठ. महाराष्ट्रातल्या कुठल्याही पोलीस ठाण्याच्या आवारात विचारा, त्याला नाव आहे. कुठे 'बाजीराव', कुठे 'सुंदरी'. परक्या वस्तूला कोणी इतक्या मायेने नाव ठेवत नाही.

आता आमच्या परभणीचे. मागच्या वर्षी याच तारखेला, म्हणजे मानवी हक्क दिनी, स्टेशनजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरची संविधानाची प्रतिकृती फोडली गेली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, जाळपोळ, मग धरपकड. पकडलेल्यांत वकिलीचे शिक्षण घेणारे सोमनाथ सूर्यवंशी होते. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना ते गेले. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे आलेल्या धक्क्याची नोंद झाली. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला. त्यांच्या आईला औरंगाबाद खंडपीठात जावे लागले, तेव्हा ४ जुलै २०२५ रोजी गुन्हा नोंदवण्याचा आदेश निघाला. त्याविरुद्ध राज्य सरकार दिल्लीला गेले. ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने तिथेही सरकारला परत पाठवले. दोषी कोण ते कोर्ट ठरवेल, त्यात मी पडत नाही. मी मोजतो आहे ते दिवस. नुसता गुन्हा नोंदवा, एवढ्यासाठी एका आईला साडेसात महिने आणि दोन न्यायालये लागली. आणि या प्रकरणात सगळा महाराष्ट्र पाहत होता. पालावरच्या आजीकडे पाहायला कोण जाणार?

सरकारने राज्यसभेत दिलेल्या आकड्यांनुसार एप्रिल २०१७ ते मार्च २०२२ या पाच वर्षांत देशात पोलीस कोठडीत ६६९ मृत्यूंची नोंद झाली. गुजरात ८०, त्याखालोखाल आपला महाराष्ट्र ७६. हे मेलेल्यांचे आकडे. ज्यांना नुसते टेकता येत नाही त्यांची नोंद कोणत्याच रकान्यात नाही.

आपण हा विषय काढलात की समोरून काय उत्तरे येतील ते मला ठाऊक आहे. कोर्टात दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद आधी लिहून काढायची सवय आहे.

पहिले उत्तर, कायदा आहेच की. आहे. १८६० च्या दंडसंहितेतले कलम ३३०, आता भारतीय न्याय संहितेत कलम १२०. त्याखालचे उदाहरण इंग्रजांनी असे लिहून ठेवले आहे की, 'अ' हा पोलीस अधिकारी 'झ' चा कबुलीसाठी छळ करतो, 'अ' दोषी आहे. म्हणजे या संहितेचा मसुदा करणाऱ्या मेकॉलेच्या काळातसुद्धा ही कल्पना कोणाला परकी नव्हती. पण हे कलम लागते ते कबुली, माहिती किंवा माल काढून घेण्यासाठी इजा केली तर. धडा शिकवायला मारले, जातीवरून मारले, मोर्चात दिसला म्हणून मारले, तर हे कलम तोकडे पडते. मग साध्या मारहाणीची कलमे लावा आणि अधिकाऱ्यावर खटल्यासाठी सरकारची मंजुरी मागत फिरा. रात्रभर झोपू न देणे, बायकोला ठाण्यात आणून बसवण्याची धमकी देणे, याला तर नावच नाही. करारातली व्याख्या हे सगळे कवेत घेते. शिक्षा म्हणून, धाक म्हणून, भेदभावातून, आणि अंगावर वळ न उठवता केलेला छळसुद्धा. शिवाय युद्ध असो, आणीबाणी असो, वरिष्ठांचा आदेश असो, कोणतीच सबब चालत नाही.

दुसरे उत्तर जास्त वजनदार, सार्वभौमत्वाचे. परदेशी समिती येऊन आमच्या ठाण्यांत डोकावणार? कराराचा मजकूर एकदा कोणीतरी वाचावा अशी विनंती आहे. समितीने स्वतःहून चौकशी करण्याचे कलम २० आहे, पण कलम २८ प्रमाणे ते मान्यता देतानाच नाकारता येते. आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले जाण्याची भीती असेल तर कलम ३० मध्येही तीच सोय आहे. व्यक्तीने थेट समितीकडे तक्रार करण्याचे कलम २२ तर आपण वेगळी घोषणा केली तरच लागू होते. अचानक पाहणीची तरतूद २००२ च्या वेगळ्या करारात आहे, त्यावर सही करा असे कोणी म्हणतही नाही. उरते काय? देशात कायदा करणे, आणि दर चार वर्षांनी अहवाल देणे. एवढ्याने सार्वभौमत्व जात असेल तर आर्थर रोडच्या गादीची जाडी बेल्जियमला कळवताना ते कुठे गेले होते?

आणि 'अंतर्गत बाब' हा शब्द मराठवाड्याच्या माणसासमोर जरा जपून वापरावा. २१ ऑगस्ट १९४८ रोजी निजामाच्या सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे भारताविरुद्ध तक्रार केली. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन चालू असताना पॅरिसमध्ये आपल्या या नांदेड-परभणी-बीडवर चर्चा चालली होती. भारताचे म्हणणे, ही आमची घरातली गोष्ट. मला ते म्हणणे पटते. माझे आजोबा रझाकारांच्या भीतीने सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात होते, त्यांना फौज आली तेव्हा काय वाटले असेल ते मी ऐकत मोठा झालो. पण त्यानंतर काय झाले? सूडाच्या कत्तली झाल्या. नेहरूंनी पाठवलेल्या सुंदरलाल समितीने ज्या चार जिल्ह्यांना सर्वांत जास्त झळ बसली म्हणून नोंदवले त्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार. आणि तो अहवाल कित्येक दशके फायलीत पडून राहिला. रझाकारांचे अत्याचार आम्ही दर १७ सप्टेंबरला सांगतो, ते सांगितलेच पाहिजेत. नंतरच्या कत्तलींचे मात्र कोणी सांगत नाही, कारण ती घरातली गोष्ट होती.

गंमत अशी की 'अंतर्गत बाब' या ढालीवर पहिला घाव भारतानेच घातला होता. १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न विजयालक्ष्मी पंडितांनी संयुक्त राष्ट्रांत नेला. दक्षिण आफ्रिकेचे उत्तर होते, हा आमच्या घरचा मामला. आपण म्हणालो, माणसाला जनावरासारखे वागवणे हा कोणाच्याच घरचा मामला नसतो. आणि आपण जिंकलो. पुढे आणीबाणी उठल्यावर, १९७७ च्या डिसेंबरात, छळाविरुद्ध प्रत्येक देशाने स्वतःहून जाहीर घोषणा करावी असा ठराव आमसभेत मांडला गेला, तो भारताच्या पुढाकाराने. परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी होते, स्वतः आणीबाणीत स्थानबद्ध राहिलेले. ज्या करारापासून आज आपण अंग चोरतो, त्याच्या बारशाला घुगऱ्या वाटणाऱ्यांत आपणच होतो.

तिसरे उत्तर पाश्चात्त्यांच्या ढोंगाचे. ते मात्र मला पूर्ण मान्य आहे. अमेरिकेने हा करार १९९४ मध्ये स्वीकारला आणि दहा वर्षांत इराकमधल्या अबू गरीब तुरुंगातल्या छळाची छायाचित्रे जगाने पाहिली. ग्वांतानामोचा तुरुंग अजून चालू आहे. पाकिस्ताननेही मान्यता दिली आहे, तिथल्या ठाण्यांत काही आरती ओवाळत नाहीत. कागदाने हात थांबत नाही, हे मी २६ वर्षे पाहतो आहे. पण शेजारी घरात मारझोड करतो म्हणून मीही करीन, हे काही उत्तर नव्हे. कागद नसला की माझ्यासारख्याला कोर्टात बोट ठेवायलाही जागा उरत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकले, कायदा करा असा आदेश आम्ही संसदेला देऊ शकत नाही. चेंडू आपल्याकडे आहे.

हे पत्र कोणा एका पक्षाला झोडपण्यासाठी नाही. आपल्यापैकी सात जण विरोधी बाकांवर बसता, एक जण सत्तेच्या. छळ प्रतिबंधक विधेयक मे २०१० मध्ये लोकसभेत मंजूर झाले होते, अर्धवट होते पण होते. राज्यसभेच्या प्रवर समितीने डिसेंबरात ते सुधारून दिले. नंतर ते २०१४ पर्यंत पडून राहिले आणि लोकसभेबरोबर विसर्जित झाले. तेव्हा सरकार कोणाचे होते ते सातांपैकी काहींना सांगायला नको. ऑक्टोबर २०१७ मध्ये विधी आयोगाने २७३ वा अहवाल दिला, करार स्वीकारा म्हणून सांगितले, सोबत विधेयकाचा तयार मसुदाही जोडला. तो मसुदा आठ वर्षे कपाटात आहे, आणि तेव्हापासून सरकार कोणाचे आहे ते आठव्यांना सांगायला नको. मराठवाड्याने देशाला दोन गृहमंत्री दिले. शंकरराव चव्हाण गृहमंत्री असताना १९९३ चा मानवी हक्क संरक्षण कायदा झाला, ती आमची कमाई. शिवराज पाटील २००४ ते २००८ गृहमंत्री होते, करारावर सही तेव्हाही होती. त्या चार वर्षांत झाले असते तर आज त्यांच्या चाकूरचे नाव जिनिव्हात घेतले गेले असते. असो.

नव्या वर्षापासून भारत पुन्हा तीन वर्षांसाठी मानवाधिकार परिषदेवर बसणार आहे. २०२८ पर्यंत तिथे आपले प्रतिनिधी इतरांना प्रश्न विचारतील. सध्या हिवाळी अधिवेशन चालू आहे, १९ तारखेपर्यंत. तारांकित प्रश्नाची मुदत हुकली असेल, हे मला कळते. पण शून्य प्रहर आहे, सभागृहात विषय मांडू देणारा लोकसभेचा नियम ३७७ आहे, आणि पुढे अर्थसंकल्पी अधिवेशन आहे. विधी आयोगाचा मसुदा खासगी विधेयक म्हणून मांडायला नव्याने काही लिहावेही लागणार नाही. खासगी विधेयके मंजूर होत नाहीत, हे माहीत आहे. निदान मंत्र्यांना उठून उत्तर द्यावे लागते.

प्रश्न मी लिहून ठेवला आहे, दोनच ओळींचा. बेल्जियमला सप्टेंबर २०२५ मध्ये कोठडीबाबत ज्या हमी दिल्या, त्या देशातल्या किती पोलीस कोठड्यांना आणि तुरुंगांना लागू आहेत? नसतील तर कधीपासून होतील, आणि १४ ऑक्टोबर १९९७ च्या सहीला मान्यता कधी?

आठही जणांच्या संपर्क कार्यालयांत हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवतो आहे. पोच द्यायची झाली तर आमच्या बार रूमच्या पत्त्यावर द्यावी. मी तिथे साडेदहापासून असतो, उद्या जरा आधीच जाईन. अकराला एक रिमांड आहे, त्याआधी पोराला शर्ट काढून पाहायचे आहे.

कळावे,

आपल्याच मतदारांपैकी एक फौजदारी वकील,
जिल्हा परभणी